हुरडा, मलई आणि मक्याचं दूध: बियांतला भ्रूणपोष घरच्या घरी कसा बघायचा

बारावीच्या पुस्तकात भ्रूणपोष (बीतल्या गर्भाला पोसणारं साठवलेलं अन्न, इंग्रजीत एंडोस्पर्म) म्हणजे एक गोल आकृती, आत ठिपके, शेजारी "३एन", आणि परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न, माझ्यासाठी ते प्रकरण तेवढंच होतं. त्याच सुमारास सोलापूरकडच्या आमच्या शेतात आप्पा ज्वारीच्या कणसातला एखादा दाणा नखाने फोडायचे, बोटावर पांढरा थेंब यायचा आणि ते म्हणायचे, "चिकात आलीय, हुरड्याला अजून आठ-दहा दिवस थांबा." पुस्तकवाले आणि आप्पा एकाच गोष्टीबद्दल बोलतायत हे मला एमेस्सीला गेल्यावर कळलं, खरंच सांगते. चीक म्हणजे भ्रूणपोष, हुरडा म्हणजे तोच थोडा घट्ट झालेला, भाकरीचं पीठ म्हणजे तोच वाळून दळलेला. शहाळ्याचं पाणी आणि मलईसुद्धा तोच.

तर ही गोष्ट आकृतीवरून पाठ करण्यापेक्षा वाढताना बघावी, आणि त्याला फार काही लागत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. बीएस्सीच्या पोरांना प्रॅक्टिकलला कामाला येईल, शिक्षकांना वर्गात दाखवता येईल, आणि ज्यांच्या गच्चीवर चार कुंड्या आहेत त्यांना एक सीझनभर उद्योग होईल.

आधी थोडी थिअरी, कारण नाहीतर काय बघतोय ते कळणार नाही

परागकण फुलाच्या कुक्षीवर पडला की त्यातून नळी निघते आणि ती दोन नर पेशी घेऊन बीजांडापर्यंत जाते. एक नर पेशी अंड्याला मिळते, त्याचा गर्भ होतो, म्हणजे पुढचं रोप. दुसरी मधल्या मोठ्या पेशीत शिरते, तिथे आईकडची दोन केंद्रकं आधीच बसलेली असतात, तिघांची मिळून गाठ पडते आणि तिथून भ्रूणपोष सुरू होतो. गुणसूत्रांचे आईकडून दोन संच, बापाकडून एक, म्हणून ३एन. ह्याला द्विफलन म्हणतात आणि १८९८ साली किएव्हच्या सर्गेई नावाशिनने लिलीच्या जातीत ते पहिल्यांदा दाखवलं, पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये गिन्यारने. गंमत म्हणजे ज्या लिलीत हा शोध लागला तिथला भ्रूणपोष ३एन नसतोच, ५एन असतो, कारण तिच्या भ्रूणकोषाची, म्हणजे बीजांडात हे सगळं जिथे घडतं त्या पिशवीची, घडणच वेगळी आहे. म्हणजे "भ्रूणपोष नेहमी ३एन" असं उत्तर लिहिलंत तर ज्या झाडाने हे शिकवलं तेच चूक ठरवेल. बहुतेक झाडांत ३एन, एवढंच म्हणा.

आईचे दोन, बापाचा एक, हे प्रमाण बिघडलं की भ्रूणपोष नीट बनत नाही आणि बी पोचट जाते. चार संचांच्या झाडाचा दोन संचांच्या झाडाशी संकर करायला गेलं की बऱ्याचदा असं होतं, ब्रीडिंगवाल्या लोकांची ही जुनी डोकेदुखी आहे.

आता सुरुवात कशी होते ते. बऱ्याच झाडांत, म्हणजे मका, ज्वारी, गहू, भात, नारळ ह्या सगळ्यांत, केंद्रकं नुसती फुटत जातात, एकाची दोन, दोनाची चार, पण मधे भिंती घालायचं नावच नाही. एकाच पिशवीत शेकडो केंद्रकं तरंगतायत अशी अवस्था. मग कधीतरी भिंती पडतात आणि पेशी होतात. ह्याला केंद्रकी पद्धत म्हणतात. पिट्युनिया, धोत्रा वगैरेंत पहिल्या विभाजनापासूनच भिंत पडते, ती पेशीय. तिसरी हेलोबियल, मधली पद्धत, काही एकदल झाडांत दिसते, तिच्यात पहिली भिंत पडून दोन असमान खोल्या होतात आणि मोठ्या खोलीत पुन्हा केंद्रकंच फुटत बसतात. ती आपल्याला ह्या लेखात बघायची नाहीये, परीक्षेपुरतं नाव लक्षात ठेवा.

काय काय गोळा करायचं

धारदार ब्लेड, दोन टाचण्या किंवा सुया लाकडी दांडीत रोवलेल्या, दहापट मोठं दाखवणारं भिंग (मोबाईलला क्लिपने लावायची लेन्स मिळते तीही चालते), वॉच ग्लास नसेल तर बाटलीचं झाकण, आणि आयोडीन. आयोडीनसाठी मेडिकलमधलं पोव्हिडोन आयोडीन घ्या, एक भाग औषध नऊ-दहा भाग पाणी, रंग कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. मी पहिल्यांदा तसंच घट्ट ओतलं होतं, सगळ्या चकत्या काळ्याठिक्कर, काहीच कळेना, वर किचनच्या ओट्याला डाग पडला तो वेगळाच. कॉलेजचा मायक्रोस्कोप वापरायला मिळत असेल तर ॲसिटोकार्मिन हा लाल रंग पण मागून घ्या, केंद्रकं बघायला तेच लागतं.

मका, हा मुख्य प्रयोग

मका निवडायचं कारण साधं आहे, दाणा मोठा, एका कणसावर शेकडो, आणि परागण कधी झालं ते आपल्या हातात ठेवता येतं. साधा पिवळा मका घ्या, स्वीटकॉर्न नको, कारण त्यात साखरेची पिठात रूपांतर होण्याची साखळीच अर्धवट तुटलेली असते आणि आपल्याला नेमकं तेच बघायचंय. आठ-दहा रोपं मोठ्या कुंड्यांत किंवा अंगणात. एकटं-दुकटं रोप लावलं तर वाऱ्यावर भरवसा ठेवू नका, कणीस बोडकं राहतं, पण आपण हाताने परागण करणार आहोत म्हणून कमी रोपांवर भागतं.

तुरा वर दिसायला लागला की खाली पानाच्या बेचक्यातली बारकी कणसं शोधा आणि त्यांचे केस बाहेर यायच्या आधी त्यांच्यावर बटर पेपरची किंवा साध्या खाकी कागदाची पिशवी चढवून खाली स्टेपल मारा. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, आत घाम धरतो आणि सगळं कुजतं, माझी दोन कणसं अशीच गेली. केस बोटभर बाहेर आले की सकाळी, दव उडाल्यावर, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान तुऱ्याखाली कागद धरून तुरा झटकायचा, पिवळी भुकटी पडते ती केसांवर ओतायची, पिशवी परत चढवायची आणि पिशवीवर तारीख लिहायची. तारीख पेन्सिलने किंवा मार्करने लिहा, शाईपेनने नको, पहिल्याच पावसात गेली तर सगळा हिशोब गेला.

प्रत्येक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो हे लक्षात ठेवा, कारण त्यावरच एक मस्त चाचणी आहे. परागण झाल्यावर साधारण एक दिवसात नळी खालपर्यंत पोचते, फलन होतं, आणि दोन-तीन दिवसांत त्या दाण्याचा केस बुडापासून सुटतो. म्हणून तीन-चार दिवसांनी एक कणीस तोडा, सालं न हिसकता उभी चीर देऊन हळूच सोला आणि कणीस हलवा. जे केस गळून पडले ते दाणे फळले, जे चिकटून राहिले तिथे काही झालं नाही. शेतात परागण किती टक्के झालं हे बघायला ही चाचणी खरंच वापरतात, आणि कणसाच्या शेंड्याकडे बहुतेक वेळा केस चिकटलेलेच दिसतात, कारण तिथले केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात.

आता दर तीन-चार दिवसांनी एकेक कणीस तोडत जायचं. पुढे जे दिवस देतेय ते ढोबळ आहेत, ऊन जास्त असेल तर सगळं लवकर होतं, थंडी असेल तर लांबतं, वाणाप्रमाणेही फरक पडतो.

चार-पाच दिवसांचा दाणा म्हणजे पांढरा मोती, दाबला की पाणी. इथे सगळेच फसतात, मीही फसले होते, आतलं ते पाणचट म्हणजे भ्रूणपोष असं वाटतं, पण ह्या वयात दाण्याचा बहुतेक भाग न्यूसेलसचा असतो, म्हणजे आईची पेशीजाल, आणि खरा भ्रूणपोष खाली बुडाशी इवलासा. पण त्या इवल्याशात केवढं होऊन गेलेलं असतं बघा, फलनानंतर काही तासांतच केंद्रकं फुटायला लागतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेकडो केंद्रकं झालेली असतात आणि भिंती पडायला सुरुवात होते. हे दिसायला मायक्रोस्कोप आणि हात बसलेला माणूस दोन्ही लागतं. घरी हा टप्पा सोडून द्या, वाईट वाटून घेऊ नका.

दहा ते बारा दिवसांचा दाणा फोडासारखा दिसतो, इंग्रजी पुस्तकांतही त्याला फोड ह्याच अर्थाचं नाव आहे. आता उभा काप घ्या, म्हणजे गर्भाची बाजू आणि पाठीची बाजू दोन्ही एका कापात आली पाहिजे. दाणा कणसावरून उपटू नका, कणसाची चकतीच कापा, मग दाणे जागेवर राहून सरळ कापले जातात, ही युक्ती मला एका लॅब असिस्टंट काकांनी दाखवली आणि अर्धं काम सोपं झालं. कापावर आयोडीनचा थेंब टाका, मिनिटभर थांबा, पाण्याने धुवा. दाण्याच्या माथ्याकडे हलकासा निळा-जांभळा पट्टा येईल, खाली काही नाही. स्टार्च भरायला माथ्यापासून सुरुवात होते. आणि ह्याच सुमाराला पेशी वाढवायचं काम जवळपास संपलेलं असतं, ह्यापुढे नव्या पेशी फारशा होत नाहीत, आहेत त्या फुगतात आणि भरत जातात. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. परागणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पाण्याचा ताण बसला तर पेशीच कमी होतात, आणि मग नंतर कितीही खत-पाणी दिलं तरी डबाच लहान असेल तर त्यात भरणार किती.

अठरा ते बावीस दिवस, दूध. नखाने फोडला की पांढरा चीक उडतो, गाडीवर भुट्टा मिळतो तो इथून थोडा पुढपर्यंतच्या वयातला. आयोडीनने बराचसा वरचा भाग काळपट होतो. चव घेऊन बघा, गोड लागतं, कारण साखर अजून पिठात बदलायची चालू आहे. पंचवीस-अठ्ठावीस दिवसांनी चीक घट्ट होऊन कणकेसारखा गोळा होतो आणि गोडी उतरते. पस्तीस-चाळीसला माथ्यावर खळगा पडतो (दंतूर वाणात) आणि गर्भाच्या उलट्या बाजूने बघितलं तर दाण्यावर एक आडवी रेघ दिसते, वर कडक पीठ, खाली अजून दूध, आणि ही रेघ दिवसागणिक खाली सरकते. कणसाचे दोन तुकडे करून शेंड्याकडच्या तुकड्याची तुटलेली बाजू समोर धरा, त्यातल्या दाण्यांची पाठ समोर येते, ही रेघ डोळ्यांनी दिसते, भिंग पण नको. पोरांना हीच सगळ्यात जास्त आवडते.

शेवटी दाण्याच्या बुडाचं टोक नखाने खरवडा. तिथे काळा थर दिसला की आईकडून येणारा पुरवठा बंद झाला, दाणा पक्व. ज्वारीच्या दाण्याच्या बुडालाही असाच काळा ठिपका येतो, काढणीची खूण म्हणून शेतकरी तो बघतातच. आणि ह्या वेळेपर्यंत पिठाने भरलेल्या पेशी मेलेल्या असतात, हो, मेलेल्या, मक्याच्या दाण्याचं साधारण ऐंशी टक्के वजन म्हणजे मेलेल्या पेशींचं गोदाम आहे. जिवंत राहतो तो गर्भ आणि भ्रूणपोषाचा सगळ्यात बाहेरचा एक पेशीचा थर, अल्यूरोन. त्याच्याकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

एक जोडप्रयोग, पांढरा मका मिळाला तर पांढऱ्याच्या केसांवर पिवळ्याचे पराग टाका. त्याच कणसावर, त्याच हंगामात पिवळसर दाणे येतात! आईच्या झाडात काहीच बदललं नाही, पण भ्रूणपोषात बापाचा एक संच आहे ना, तो लगेच दिसतो. स्वीटकॉर्नवाल्यांनी ह्यासाठीच शेजारी साधा मका एकाच वेळी फुलोऱ्यात येईल असा लावू नये, दाणे पिठूळ निघतात आणि मग बियाणं बोगस म्हणून दुकानदाराशी भांडण. बार्बरा मॅक्लिंटॉकने उड्या मारणारी जनुकं शोधली, १९८३ चं नोबेल मिळालं, ती मक्याच्या ह्याच दाण्यांवरचे रंगीत ठिपके वाचून.

ज्वारीवाल्यांसाठी

शेतात रब्बी ज्वारी असेल तर वेगळं काही लावायची गरज नाही. पोटरीतून कणीस बाहेर पडलं, म्हणजे निसवली, की रोज सकाळी बघा, फुलोरा कणसाच्या शेंड्याकडून खाली उतरतो, त्यामुळे एकाच कणसात वरचा दाणा आणि खालचा दाणा ह्यांच्या वयात काही दिवसांचा फरक असतो. म्हणजे एकच कणीस तोडून वरून खाली दाणे फोडत गेलात तरी टप्पे दिसतात, मक्यासारखी तारखांची भानगड नाही. हुरडा म्हणजे घट्ट चीक पण अजून कडक नाही, नखाने दाबला की दबतो, फुटून वाहत नाही. मालदांडीचा पण होतो, पण राहुरीच्या विद्यापीठाने फुले उत्तरा आणि फुले मधुर हे खास हुरड्याचे वाण काढलेत, दाणा कणसातून सहज सुटतो आणि गोडी जास्त. रब्बी ज्वारीला पाण्याच्या पाळ्या सांगतात त्या पेरणीनंतर साधारण २८-३०, ५०-५५, ७०-७५ आणि ९०-९५ दिवसांनी, त्यातल्या शेवटच्या दोन म्हणजे फुलोरा आणि दाणे भरण्याची वेळ, आता वरचं डबा लहान राहण्याचं प्रकरण वाचल्यावर त्या का महत्त्वाच्या ते वेगळं सांगायला नको.

नारळ

कोकणातल्या लोकांनी ओरडायच्या आधी इकडे येते. नारळ हा केंद्रकी भ्रूणपोषाचा सगळ्यांच्या ओळखीचा मोठा नमुना. शहाळ्याचं पाणी आणि खोबरं ही एकाच भ्रूणपोषाची दोन रूपं.

शहाळेवाल्याकडून तीन वयाची फळं घ्या, एक निव्वळ पाणीवालं, एक पातळ मलईवालं, आणि तिसरा घरातला पूजेचा नारळ. तिन्ही देठापासून टोकापर्यंत उभी चिरून घ्या, शहाळेवाल्याला सांगितलं तर तो कोयत्याने करून देतो, एकदा "कशाला?" विचारेल, सांगा पोराचा प्रोजेक्ट आहे, हे कारण सगळीकडे चालतं. पाणी आधी भांड्यात काढून घ्या. सुमारे सहा महिन्यांच्या फळात पोकळी पाण्याने गच्च भरलेली असते आणि मलई नुकती धरायला लागलेली, ती सगळीकडे सारखी नसते, देठाच्या विरुद्ध टोकाकडे आधी धरते आणि तिथून डोळ्यांकडे सरकत येते. म्हणून काही शहाळ्यांत वरून चमचा घातला तर काहीच लागत नाही आणि तळाशी जेलीसारखा थर असतो. पुढे ती जाड होते, पाणी हळूहळू कमी होतं, बाराव्या महिन्याला पक्का नारळ, कानाजवळ हलवला की पाणी वाजतं, कारण आत हवेला जागा झाली.

मायक्रोस्कोप आहे? मग वाडीतली झाडाखाली गळलेली अगदी कोवळी फळं त्याच दिवशी उचला. पाच सेंटीमीटरच्या फळातल्या द्रवात नुसती मोकळी केंद्रकं, दहा सेंटीमीटरच्या आसपासच्या फळात केंद्रकं आणि काही पेशी पण, ज्यांच्यात केंद्रकांची संख्या कमीजास्त. मग ही सगळी मंडळी कडेला जाऊन बसतात आणि मलई होते. पक्क्या नारळाच्या पाण्यात केंद्रकंही नाहीत, पेशीही नाहीत, त्यामुळे घरातल्या नारळाचं पाणी स्लाइडवर घेऊन तासभर शोधत बसू नका. (मी बसले होते.) कोवळ्या फळाच्या द्रवाचा थेंब, त्यात ॲसिटोकार्मिनचा थेंब, पाच मिनिटं, कव्हर स्लिप, लाल ठिपके दिसले पाहिजेत. कालचं फळ घेतलं तर काही दिसत नाही, सगळं विरघळून जातं.

ह्या पाण्यात गर्भाला वाढवणारी द्रव्यं असतात हे १९४१ मध्ये व्हॅन ओव्हरबीक आणि मंडळींनी दाखवलं, त्यांनी धोत्र्याचे अगदी कोवळे गर्भ नारळाच्या पाण्याच्या मदतीने काचेत वाढवले. टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये आजही शहाळं फोडताना कुणी दिसलं तर ते नेहमीच तहान लागली म्हणून नसतं.

फिलिपाइन्समध्ये मकापुनो म्हणून नारळ असतो, त्यात खोबरं कडक होतच नाही, आत सगळी लोण्यासारखी जेली, आइस्क्रीमला महागात विकतात. पण त्याचा गर्भ रुजत नाही, गर्भ चांगला असूनही, कारण तो भ्रूणपोष त्याला पचवता येत नाही. गर्भ काढून लॅबमध्ये वाढवावा लागतो. भ्रूणपोष नुसता असून चालत नाही, गर्भाला वापरता यायला हवा, ह्याचं ह्यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

काकडी: शेपूटवाला भ्रूणपोष

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हे येतं आणि निम्म्या पोरांचं फाटतं, म्हणजे भ्रूणपोष फाटतो. बाजारातली मोठी काकडी नको, वेलावरची बोटभर-दीड बोट लांब, जिच्या बिया अजून पांढऱ्या, मऊ, चपट्या आहेत ती घ्या. लगेच बघायचं नसेल तर तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये दिवसभर ठेवून मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा.

बी पाण्याच्या थेंबात ठेवा. टोकदार बाजू म्हणजे जिथून परागनळी शिरली ती, गर्भ तिकडे. गोलसर बाजूला भ्रूणपोषाची शेपूट जाते. एका सुईने बी धरून दुसऱ्या सुईने कडेकडेने आवरण उसवत जा, शिवण उसवतात तसं, मधे भोसकू नका, आणि आवरण उघडलं की आतली पारदर्शक पिशवी हलकेच बाहेर सारा. टोकाकडे फुगीर भाग आणि त्याला जोडून लांब नळीसारखी शेपूट, हीच ती शोषक नळी, आजूबाजूच्या पेशींतून अन्न ओढून घेणारी. ॲसिटोकार्मिन टाकलं तर फुगीर भागात पेशी झालेल्या दिसतात आणि शेपटीत अजून मोकळी केंद्रकं, म्हणजे एकाच नमुन्यात दोन्ही अवस्था. पहिल्या दहा बिया वाया जाणार हे धरूनच बसा.

मग हरभऱ्यात भ्रूणपोष कुठे गेला?

गर्भाने खाल्ला. हरभरा, वाटाणा, भुईमूग ह्यांत बी पिकायच्या आधीच बीजपत्रं, म्हणजे गर्भाचीच पहिली पानं, सगळं शोषून घेतात, म्हणून डाळ म्हणजे बीजपत्र, भ्रूणपोष नाही. पण मेथी भिजवा, बुळबुळीत थर सुटतो ना, तो मेथीचा भ्रूणपोष, शेंगवर्गात असूनही तिने ठेवलेला. गवारीचंही तसंच, गवार गम त्याचाच. सुपारी कातरली की पांढऱ्यात तपकिरी रेघांची नक्षी दिसते, जायफळ कापलं तर तशीच, तिथे बाहेरचं आवरण भ्रूणपोषात घड्या घालून घुसलेलं असतं, सीताफळाच्या बीतही तेच. राजगिरा आणि मिरी मात्र दगा देतात, तिथलं साठवलेलं अन्न मुख्यतः न्यूसेलसचं. ऑर्किड आणि शिंगाड्याचा तर भ्रूणपोष तयारच होत नाही. आणि चिलगोज्यातलं पांढरं खाणं फलनाआधीच बनलेलं, एकाच संचाचं, ते ह्या कुटुंबातलं नव्हेच.

एरंडाची बी सोलून भ्रूणपोषाच्या दोन फाकांमध्ये कागदासारखी शिरा असलेली बीजपत्रं बघायला फार सुंदर, पण ती बी भयंकर विषारी आहे, हातमोजे घाला, लहान मुलांपासून लांब ठेवा आणि झाल्यावर ब्लेडसकट सगळं टाकून द्या.

शेवटचा प्रयोग: जिवंत थर काम करताना

अल्यूरोनकडे परत येणार म्हटलं होतं. सातूचे, म्हणजे जवाचे, न भाजलेले आणि सालासकट असलेले दाणे घ्या, ते नसतील तर गहू. सातूत अल्यूरोनचे तीन थर असतात म्हणून चांगलं दिसतं. दाणा आडवा कापून दोन अर्धे करा, एकात गर्भ, एकात नाही. दोन्ही ढीग वेगळे ठेवा, सौम्य ब्लीचमध्ये पाच मिनिटं बुडवून उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा धुवा, रात्रभर भिजत ठेवा. चायना ग्रास उकळून त्यात थोडं कॉर्नफ्लॉवर घालून ताटलीत पातळ थर ओता, गार झाला की त्यावर अर्धे दाणे कापलेली बाजू खाली करून ठेवा, झाकण लावा.

दोन दिवसांनी दाणे उचला आणि पातळ आयोडीन ओता. गर्भवाल्या अर्ध्याखाली पांढरं वर्तुळ, बाकी सगळं निळं-काळं. गर्भ नसलेल्याखाली निळंच. गर्भ जिबरेलिन हे संप्रेरक सोडतो, ते अल्यूरोनला मिळालं की तो अमायलेज, म्हणजे पीठ फोडणारं विकर, बनवतो आणि गोदामातलं पीठ साखर व्हायला लागतं, नाचणीला मोड आणून सत्व करतो तेव्हा हेच चाललेलं असतं.

आता कुणी नाशिक-सांगलीकडचा द्राक्षवाला ओळखीचा असेल तर त्याच्याकडे जीए, म्हणजे हेच जिबरेलिन, असतंच, मणी फुगवायला वापरतात ते. त्याच्याकडून चिमूटभर मागा, दहा मिलिग्रॅम आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग लिटरभर पाण्यात, आणि गर्भ नसलेले काही अर्धे दाणे साध्या पाण्याऐवजी ह्यात भिजवून त्याच ताटलीत ठेवा. दोन दिवसांनी त्यांच्याखालीही पांढरं वर्तुळ उमटतं. बुरशी आली तर ताटली टाकून द्या आणि पुन्हा करा, माझं तिसऱ्या वेळी जमलं.